गाठ प्रयोगशाळेत वाढवून औषध आधीच तपासता येतं का? कॅन्सरचे 'ऑर्गनॉइड' काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

एकाच अवयवाचा कॅन्सर, एकच स्टेज, एकच केमोथेरपी. तरीही एका रुग्णाची गाठ आक्रसते आणि दुसऱ्याची वाढत राहते. औषध लागू पडलं की नाही, हे बहुतेक वेळा काही सायकल झाल्यावर काढलेल्या स्कॅनमध्येच कळतं. तोपर्यंत केस गेलेले असतात, रक्तातल्या पेशी कमी झालेल्या असतात आणि घरातली शिल्लकही संपत आलेली असते.

हेच आधी कळलं तर? रुग्णाच्या गाठीचा छोटासा तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत त्यातून त्या गाठीची लहानशी जिवंत प्रतिकृती वाढवायची आणि औषधं आधी तिच्यावर वापरून बघायची, अशी ही कल्पना आहे. या त्रिमितीय प्रतिकृतीला 'ऑर्गनॉइड' म्हणतात. गाठीपासून बनवली असेल तर 'ट्युमरॉइड' असाही शब्द वापरला जातो.

गेल्या काही वर्षांत हा विषय प्रयोगशाळेतून थेट कायद्यात पोहोचला आहे. भारतानं मार्च २०२३ मध्ये औषधांच्या नियमांत बदल करून अशा चाचण्यांना जागा दिली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्यानं कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. त्यामुळे दोन प्रश्न विचारले जात आहेत. औषध कंपन्यांचं काम आता उंदरांशिवाय भागेल का? आणि कॅन्सरच्या रुग्णानं आपलं औषध अशा टेस्टवरून ठरवावं का? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

ऑर्गनॉइड म्हणजे नेमकं काय?

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरातल्या ह्युब्रेख्ट इन्स्टिट्यूटमध्ये हान्स क्लेवर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो हे संशोधक काम करत होते. २००९ मध्ये त्यांनी उंदराच्या आतड्यातली एकच मूलपेशी घेतली, तिला योग्य पोषक द्रव्यं दिली आणि मऊ जेलमध्ये वाढू दिलं. त्या एका पेशीतून आतड्याच्या अस्तरासारखी रचना तयार झाली. त्यात अन्न शोषणाऱ्या पेशी होत्या, चिकट स्राव तयार करणाऱ्या पेशीही होत्या आणि मधे पोकळी होती. कुठली पेशी कुठे बसवायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. पेशींनी स्वतःच ती मांडणी केली.

पुढे हीच पद्धत माणसाच्या आतडं, यकृत, स्वादुपिंड, फुफ्फुस अशा अवयवांसाठी वापरली गेली. ऑर्गनॉइड हा पूर्ण अवयव नसतो. तो साधारण मोहरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान असतो आणि त्यात अवयवाची काही वैशिष्ट्यं असतात. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी घेतल्या, तर त्या गाठीतले जनुकीय बदल जपणारी रचना तयार होते.

आधीच्या पद्धतीत काय कमी पडत होतं?

कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणं नवीन नाही. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांना 'हेला' पेशी म्हणतात.

पण अशा पेशी सहसा प्लॅस्टिकच्या बशीच्या तळाला चिकटून सपाट थरात वाढतात. शरीरात पेशी अशा पसरलेल्या नसतात. त्यांना वर, खाली, बाजूला शेजारी असतात आणि भोवती प्रथिनांचं जाळं असतं. शिवाय वर्षानुवर्षं बशीत वाढलेल्या पेशी त्या वातावरणाला सरावतात आणि मूळ गाठीपासून दूर जातात.

या शेजाराचा किती परिणाम होतो, हे अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या मीना बिसेल यांच्या गटानं १९९७ मध्ये दाखवलं. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी त्रिमितीय जेलमध्ये वाढवून त्यांनी भोवतालच्या जाळ्याशी पेशींना जोडणारं एक प्रथिन अडवलं. कॅन्सरचे जनुकीय दोष तसेच असूनही पेशी जवळपास निरोगी पेशींसारख्या वागू लागल्या. पेशी कशी वागेल, हे तिच्या जनुकांइतकंच तिच्या भोवतालावरही अवलंबून असतं, हे त्यातून स्पष्ट झालं.

मग प्राण्यांवरच्या चाचण्या पुरेशा नाहीत का?

प्रयोगशाळेत आणि प्राण्यांमध्ये चांगली ठरलेली साधारण १० पैकी ९ औषधं माणसांवरच्या चाचण्यांमध्ये बाद होतात. कॅन्सरच्या औषधांचं प्रमाण त्याहूनही वाईट आहे. काही औषधं माणसात चालत नाहीत, काही घातक ठरतात.

२००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन-१४१२ या औषधाची पहिली मानवी चाचणी झाली. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या ५०० पट कमी मात्रा सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली गेली. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात पोहोचले. सगळे वाचले, पण रोगप्रतिकारक यंत्रणा अशी भडकेल याचा अंदाज माकडांवरून आला नव्हता.

हे उदाहरण प्राण्यांवरच्या चाचण्यांविरोधात नेहमी दिलं जातं. पण यात दुसरी बाजूही आहे. फक्त गाठीच्या पेशी असलेल्या साध्या ऑर्गनॉइडनंही हा धोका ओळखला नसता, कारण त्यात रोगप्रतिकारक पेशीच नसतात.

ऑर्गनॉइडनं आजवर काय सिद्ध केलं?

२०१५ मध्ये क्लेवर्स यांच्या गटानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या २० रुग्णांच्या गाठींपासून ऑर्गनॉइडचा जिवंत संग्रह तयार केला. यात रुग्णाच्या गाठीतले जनुकीय बदल बऱ्याच अंशी टिकून राहिले होते आणि एकाच वेळी अनेक औषधं तपासता येत होती.

खरी उत्सुकता वाढवली ती २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या लंडनच्या अभ्यासानं. पचनसंस्थेचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या रुग्णांच्या गाठींपासून ऑर्गनॉइड बनवले गेले. त्यांच्यावर औषधांचा जो परिणाम दिसला, तो रुग्णांमध्ये दिसलेल्या परिणामाशी ताडून पाहिला गेला. ऑर्गनॉइडवर औषध चाललं, तर रुग्णातही चालण्याचं प्रमाण ८८ टक्के होतं. ऑर्गनॉइडवर औषध चाललं नाही, तर रुग्णातही न चालण्याचं प्रमाण १०० टक्के होतं.

हे आकडे बातम्यांमध्ये खूप गाजले. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. तुलना मोजक्याच रुग्णांची होती. आणि इथे डॉक्टरांनी ऑर्गनॉइड बघून औषध निवडलं नव्हतं. रुग्णांना जे उपचार मिळत होते, त्यांच्याशी निकाल जुळतात का, एवढंच पाहिलं गेलं होतं.

मग अडलं कुठे?

पुढचे दोन अभ्यास नेदरलँड्समधले आहेत. २०१९ मधल्या अभ्यासात आतड्याच्या कॅन्सरवर इरिनोटेकान हे औषध चालेल की नाही, याचा अंदाज ऑर्गनॉइडनं ८० टक्क्यांहून जास्त रुग्णांमध्ये बरोबर दिला. मात्र ५-फ्लुरोयुरॅसिल आणि ऑक्सॅलिप्लॅटिन या जोडीबाबत हाच अंदाज जमला नाही. ही आतड्याच्या कॅन्सरमध्ये सर्रास वापरली जाणारी औषधं आहेत. म्हणजे एकाच कॅन्सरमध्येही ही टेस्ट एका औषधासाठी कामाची आणि दुसऱ्यासाठी निरुपयोगी ठरू शकते.

२०२१ मध्ये आलेला अभ्यास जास्त महत्त्वाचा होता, कारण त्यात प्रत्यक्ष ऑर्गनॉइडच्या निकालावरून औषध ठरवलं गेलं. नेहमीचे उपचार संपलेले ५४ रुग्ण त्यासाठी पात्र होते. त्यांपैकी ३१ जणांच्या गाठीपासून ऑर्गनॉइड तयार झाले. २५ ऑर्गनॉइडवर औषधं तपासता आली आणि १९ ऑर्गनॉइडवर किमान एका औषधाचा चांगला परिणाम दिसला. त्यानुसार उपचार सुरू झाले ते ६ रुग्णांवर. या सहापैकी एकाचीही गाठ अपेक्षेप्रमाणे कमी झाली नाही.

प्रयोगशाळेतली गाठ मरत होती आणि रुग्णाच्या शरीरातली तशीच होती. सहा रुग्णांवरून अंतिम निष्कर्ष निघत नाही. तपासलेली औषधंही प्रायोगिक होती. पण २०१८ चे आकडे वाचून ज्यांना ही टेस्ट उद्याच रुग्णालयात येईल असं वाटत होतं, त्यांच्यासाठी हा निकाल महत्त्वाचा आहे.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर चित्र असं दिसतं: योग्य औषध आणि योग्य कॅन्सर असेल, तर ऑर्गनॉइडचा 'नाही' बऱ्यापैकी भरवशाचा असतो. त्याचा 'हो' मात्र अजून तितका भरवशाचा नाही.

प्रतिकृती हुबेहूब असूनही असं का होतं?

कारण ती हुबेहूब नसते. गाठ म्हणजे फक्त कॅन्सरच्या पेशी नव्हेत. तिच्यात रक्तवाहिन्या, आधार देणाऱ्या तंतुमय पेशी आणि रोगप्रतिकारक पेशी असतात. साध्या ऑर्गनॉइडमध्ये यातलं जवळपास काहीच नसतं.

रक्तवाहिन्या नसल्याचे दोन परिणाम होतात. शरीरातल्या पेशींना रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच पुरेसा ऑक्सिजन मिळतो. हे अंतर केसाच्या जाडीच्या दोन-तीन पट आहे. त्यामुळे ऑर्गनॉइड मोठा झाला की आतल्या पेशी मरू लागतात. दुसरं म्हणजे, प्रयोगशाळेत औषध थेट गाठीवर पडतं. शरीरात ते रक्तातून, घट्ट ऊतींमधून वाट काढत पोहोचतं आणि कधी पोहोचतही नाही.

यकृताचाही प्रश्न आहे. काही औषधांचं रूप शरीरात बदलतं. इरिनोटेकानचं सक्रिय रूप मुख्यतः यकृतात तयार होतं. ऑर्गनॉइडसोबत यकृत नसतं, त्यामुळे संशोधकांना हा फरक हिशेबात धरूनच प्रयोग आखावा लागतो.

इम्युनोथेरपीची अडचण तर उघड आहे. ही औषधं गाठीला थेट मारत नाहीत, ती रोगप्रतिकारक पेशींना मोकळं सोडतात. त्या पेशीच नसतील तर तपासायचं काय? यावर काम सुरू आहे. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी त्याच रुग्णाच्या ऑर्गनॉइडसोबत वाढवून दाखवल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटानं गाठीतल्या रोगप्रतिकारक पेशींसह तिचे तुकडे वाढवले. पण हे सगळ्या रुग्णालयांत करता येण्याजोगं अजून झालेलं नाही.

शेवटची अडचण वेळेची. ऑर्गनॉइड तयार होऊन निकाल यायला अनेक आठवडे लागू शकतात. प्रोस्टेटसारख्या काही कॅन्सरमध्ये ते वाढवणंच अवघड जातं. आणि बायोप्सीत गाठीचा एकच कोपरा येतो. दुसऱ्या कोपऱ्यातल्या पेशी वेगळ्या असतील, तर त्या तपासल्याच जात नाहीत.

औषध कंपन्यांसाठी मात्र चित्र वेगळं का आहे?

कंपनीला एका रुग्णाचं भवितव्य सांगायचं नसतं. तिला हजारो रसायनांतून चुकीची लवकर वगळायची असतात. तिथे 'नाही' हे उत्तरही मौल्यवान असतं, आणि अंदाज काही वेळा चुकला तरी एकूण फायदा होतो.

अमेरिकेतल्या एम्युलेट कंपनीच्या 'लिव्हर चिप'चं उदाहरण घेता येईल. यात माणसाच्या यकृताच्या पेशी छोट्या चिपवरच्या वाहत्या द्रवात ठेवतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८७० चिपवर २७ औषधं तपासली गेली. यकृताला घातक असल्याचं माहीत असलेल्या औषधांपैकी ८७ टक्के औषधं चिपनं ओळखली आणि सुरक्षित औषधांपैकी एकाही औषधाला घातक ठरवलं नाही. अभ्यास कंपनीचाच होता, हेही लक्षात घ्यायला हवं.

कॅन्सरबाहेर ऑर्गनॉइडचा रुग्णाला थेट उपयोग झाल्याचं ठळक उदाहरण सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचं आहे. दोषी प्रथिन औषधानं सुधारलं, तर रुग्णाच्या आतड्याचा ऑर्गनॉइड पाणी घेऊन फुगतो. दुर्मीळ जनुकीय दोष असलेल्या आणि म्हणून मोठ्या चाचण्यांत कधीच न येणाऱ्या रुग्णांसाठी नेदरलँड्समध्ये अशा टेस्टवरून औषध निवडलं गेलं. हे तिथे जमलं, कारण आजार एका प्रथिनाचा आहे आणि उत्तर डोळ्यांनी दिसतं. कॅन्सर इतका सरळ नाही.

कायद्यात नेमकं काय बदललं?

अमेरिकेत १९३८ च्या कायद्यानं नव्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या बंधनकारक मानल्या जात होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या 'एफडीए मॉडर्नायझेशन ॲक्ट २.०'नं ही सक्ती काढली. एफडीएच्या २०२५ च्या आराखड्यात सुरुवात मोनोक्लोनल अँटिबॉडी प्रकारच्या औषधांपासून होणार आहे. योगायोगानं टीजीएन-१४१२ हे औषधही त्याच प्रकारातलं होतं.

भारतात २०१९ च्या 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमां'मध्ये मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. पेशींवरच्या चाचण्या, त्रिमितीय ऑर्गनॉइड, ऑर्गन-चिप, बायोप्रिंटिंग आणि संगणकीय प्रारूपं यांचा त्यात उल्लेख आहे.

दोन्ही देशांत प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदी आलेली नाही. पर्याय वापरायची मुभा मिळाली आहे. आणखी एक विरोधाभास असा की, बहुतेक ऑर्गनॉइड ज्या 'मेट्रिजेल' नावाच्या जेलमध्ये वाढवतात, ते उंदराच्याच गाठीपासून बनतं. त्याला कृत्रिम पर्याय शोधणं सुरू आहे.

भारताला स्वतःचे ऑर्गनॉइड का हवेत?

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १४.१ लाख नवे कॅन्सर रुग्ण आढळले आणि ९.१ लाख जणांचा मृत्यू झाला. पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो.

उट्रेख्टच्या गटानं २०१९ मध्ये तोंड आणि घशाच्या गाठींपासूनही ऑर्गनॉइड बनवले. पण युरोपात अशा कॅन्सरमागे धूम्रपान, दारू आणि एचपीव्ही विषाणू ही मोठी कारणं आहेत. आपल्याकडे गुटखा, खर्रा, मावा, तंबाखू-चुना गालात धरून ठेवल्यानं गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीला होणारा कॅन्सर जास्त दिसतो. युरोपातल्या गाठीवर चाललेलं औषध इथेही तसंच चालेल, असं गृहीत धरता येत नाही.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात गाठींच्या नमुन्यांचा संग्रह आहे आणि खारघरला त्याचंच ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. मात्र नेहमीच्या पद्धतीनं गोठवलेला नमुना जनुकं वाचायला चालतो, ऑर्गनॉइड वाढवायला जिवंत पेशी लागतात. ऑपरेशन थिएटरमधून नमुना थंड ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत न्यावा लागतो. शस्त्रक्रिया यवतमाळ किंवा धुळ्याला झाली आणि प्रयोगशाळा मुंबई-पुण्यात असेल, तर अडचण इथूनच सुरू होते. खास पोषक द्रव्यं आणि जेल महाग असतात, तो खर्च वेगळा.

वाढवलेली गाठ कुणाची?

हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी परवानगी न विचारता घेतल्या गेल्या होत्या. १९५१ मध्येच त्यांचं निधन झालं. त्या पेशींवर मोठा व्यवसाय उभा राहिला आणि कुटुंबाला अनेक वर्षं पत्ताही नव्हता. थर्मो फिशर या कंपनीशी कुटुंबाची तडजोड झाली ती २०२३ मध्ये.

ऑर्गनॉइडही साठवता येतात, वाढवता येतात आणि कंपन्यांना पैसे घेऊन देता येतात. ह्युब्रेख्टमधून निघालेली एचयूबी ऑर्गनॉइड्स ही कंपनी विकत घेण्याचा करार जर्मनीच्या मर्कनं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये नमुने साठवण्यासाठी आणि पुढे वापरण्यासाठी रुग्णाची संमती घेण्याबाबत सविस्तर सांगितलं आहे. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री पुढे आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात हे कलम कुणी वाचतं का, हा खरा प्रश्न आहे.

मग रुग्णानं आज काय करावं?

बशीत पेशी वाढवून केमोथेरपी निवडायच्या जुन्या टेस्ट पूर्वीही आल्या होत्या. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीनं २०११ मध्ये त्या संशोधनाबाहेर वापरू नयेत अशी शिफारस केली होती. ऑर्गनॉइड त्यांच्यापेक्षा बरेच पुढे आहेत. पण त्यांच्यावरून औषध ठरवलेले रुग्ण जास्त जगतात, असं मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतून सिद्ध होईपर्यंत हाच सावधपणा लागू होतो.

म्हणून कुणी अशी टेस्ट सुचवली, तर काही प्रश्न थेट विचारावेत. ही टेस्ट नोंदणीकृत संशोधनाचा भाग आहे की पैसे भरून करायची आहे? आमच्याच प्रकारच्या कॅन्सरवर आणि याच औषधावर तिचा अभ्यास झाला आहे का? निकाल किती दिवसांत येईल आणि तोवर उपचार थांबवायचे आहेत का? ऑर्गनॉइड वाढलाच नाही तर पैसे परत मिळतील का? उरलेल्या पेशींचं पुढे काय होणार?

यातला उपचार थांबवण्याबद्दलचा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा आहे. परिणाम सिद्ध झालेली केमोथेरपी निकालाची वाट बघत लांबवली, तर नुकसान नक्की आहे आणि फायद्याची खात्री अजून कुणी देऊ शकत नाही. संशोधन म्हणून, नेहमीचे उपचार चालू ठेवून, लेखी संमतीनं कुणी गाठीचा तुकडा मागत असेल, तर तो देण्याचा विचार जरूर करावा. इथल्या गाठींचे ऑर्गनॉइड वाढले, तरच इथल्या रुग्णांसाठी ही टेस्ट किती भरवशाची आहे हे कळू शकेल.